डबीतली दुटोकी सुई



जुने घर उतरवताना किंवा माळ्यावरची अडगळ काढताना कधी एखादी लोखंडी वस्तू हाती लागते आणि घरातले कोणीच ती ओळखत नाही. बहुधा ती भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. आज अशाच एका हत्याराची ओळख करून घेऊ. ते आहे बोटाएवढ्या लांबीची, पोलादाची बारीक सुई. तिला नेढे नाही, म्हणजे दोरा ओवता येत नाही. तिचे एक टोक मात्र दोन इवल्याशा शिंगांत फुटलेले असते. शिंगांमधली फट जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढी.

ओळखायचे कसे?

अनोळखी अवजार हाती आले की शेतकरी तीन गोष्टी पाहतो. टोक कोणते काम करते? झीज कुठे झाली आहे? त्याच्यासोबत आणखी काय सापडले? याच तीन कसोट्या येथे लावू.

पोती शिवायचा दाभण म्हणावा, तर दाभणाला नेढे असते. चांभाराची आरी म्हणावी, तर आरीला लाकडी मूठ असते. बैल हाकायच्या पराणीला एकच टोक असते आणि ते काठीत ठोकलेले असते. या सुईला मूठ नाही, नेढे नाही, आणि ती काठीत ठोकल्याची खूणही नाही. म्हणजे ती चिमटीत धरायची वस्तू. आता दुटोकी बाजू पाण्यात बुडवून बाहेर काढा. दोन शिंगांमध्ये पाण्याचा एक थेंब अडकून राहतो. त्या हत्याराचे सारे मर्म या थेंबात आहे. ती फट म्हणजे एक माप आहे. आणि सोबत झाकणाला भोक असलेली प्लॅस्टिकची नळी सापडली, तर शंकाच उरत नाही. ही देवी काढण्याची सुई होय.

अमेरिकेतील बेंजामिन रुबिन या शास्त्रज्ञाने ती १९६० च्या दशकात तयार केली. त्याची युक्ती साधी होती. शिवणयंत्राच्या सुईच्या नेढ्याचे टोक घासून काढले की उरते ते दुटोक. हे दुटोक लसीत बुडवायचे, दंडावर ठेवायचे आणि लहानशा जागेत भराभर पंधरा वेळा टोचायचे. रक्ताचा पुसटसा ठिपका दिसला की काम झाले. सुई उकळून पुन्हा वापरता येत असे.

तिच्याआधीचे हत्यार

काही जुन्या डब्यांत दुसरीच एक वस्तू निघते. बारीक दांडी, तिच्या टोकाला छोटी चकती, आणि चकतीच्या खालच्या अंगाला मधे एक व भोवती काही बारीक दाते. हे रोटरी लॅन्सेट. आपल्या देशात देवी काढणारे लोक दीर्घकाळ हेच वापरत. कातडीवर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबायची आणि बोटांनी गरकन फिरवायची. हे दोन-चार ठिकाणी करीत. मूल किंचाळे, जखम चिघळे, पू होई, ताप चढे. देवी काढणारा गावात आला की आया मुलांना घेऊन शेतात पळत, ही आठवण पुष्कळ घरांत अजून सांगितली जाते.

आपल्या दंडावरची साक्ष

हे हत्यार डबीत सापडले नाही तरी त्याची खूण आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावर आहे. त्यांच्या दंडावर किंवा कोपराखालच्या हातावर खोलगट, कडेला रेषा फुटलेले, मोठे व्रण दिसतात. एकाहून अधिक असले, तर ते चकतीचे असण्याचा संभव अधिक. एकच लहान गोल व्रण असला, तर तो दुटोकी सुईचा असू शकतो.

पण येथे एक घोटाळा होतो. तिशी-चाळिशीतली माणसेही डाव्या दंडावरचा व्रण दाखवून म्हणतात, ‘माझीही देवी काढली होती.’ तो व्रण बी.सी.जी. या लशीचा, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या टोचणीचा असतो. देवीचे टोचणे आपल्या देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस थांबले. त्यानंतर जन्मलेल्यांच्या अंगावर देवीचा व्रण असत नाही.

गायीपासून सुरुवात

शेतकऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे असे काही या कथेत आहे. गायीच्या सडांवर फोड येणारा एक सौम्य रोग होता. तो झालेल्या दूध काढणाऱ्या बायकांना देवी येत नाहीत, ही गोष्ट इंग्लंडच्या खेड्यातील लोकांना ठाऊक होती. १७९६ साली डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी अशाच एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचून ती गोष्ट पडताळून पाहिली. लॅटिन भाषेत गायीला ‘वाका’ म्हणतात. ‘व्हॅक्सिन’ हा शब्द त्यावरूनच आला.

भारतात पहिली टोचणी १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला झाली. लस बगदाद व बसऱ्याच्या वाटेने एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी आली होती. पुढे लस वासरांच्या अंगावर तयार करू लागले. बेळगावची संस्था या कामासाठी प्रसिद्ध होती.

सुईने काय केले?

देवीच्या मोठ्या साथीत दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत. जगले त्यांच्यापैकी कित्येकांचे डोळे जात. भारत सरकारने १९६२ साली देवी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तरी १९७४ साली देशात १,८८,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. आपले बुऱ्हाणपूर तेव्हा पूर्व निमाड जिल्ह्यात होते.

१९७० च्या सुमारास दुटोकी सुई आपल्या देशात आली. तितक्याच लशीत चौपट माणसे टोचून होऊ लागली. शिकायला फारसा वेळ लागेना. जखम लहान झाली. आणि कार्यकर्ते हातात देवी आलेल्या बालकाचे चित्र घेऊन घरोघर विचारू लागले, ‘असा रुग्ण कुठे पाहिला का?’ नवा रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस मिळे. ते शेवटी १,००० रुपयांपर्यंत गेले. रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालच्या सर्वांना टोचत. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण सापडला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

यातून काय घ्यायचे?

मुलांना घेऊन पळणाऱ्या आयांना अडाणी म्हणणे सोपे होते. पण त्या चकतीने होणारी जखम खरी होती. हत्यार बदलले, विचारपूस आपुलकीने होऊ लागली, तशी दारे उघडली. आजही लस न देणाऱ्या शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याला कारण विचारावे. मागच्या वेळी बाळाला ताप आला असेल, मजुरी बुडाली असेल, दवाखाना लांब असेल. त्याच्या पोराला दवाखान्यात नेण्याकरिता कोणी सोबत गेले, तर पुष्कळ काम होते.

गोवर आला की अजूनही ‘माता आली’ म्हणून मूल अंधाऱ्या खोलीत ठेवतात, त्याचे खाणे कमी करतात. असे करू नका. गोवरातून फुप्फुसाचा दाह, जुलाब आणि आंधळेपण येऊ शकते. मुलाला अन्नपाणी द्या आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. ते अ जीवनसत्त्वाचा डोस देतात.

आपल्या घरी हे पडताळून पाहा :

(१) जन्मल्यावर बी.सी.जी.ची टोचणी झाली का?

(२) ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस पुरे झाले का?

(३) गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत झाला का? पुष्कळांचा दुसराच राहून जातो.

(४) १० व १६ वर्षांच्या मुलामुलींना आणि गरोदर बायकांना धनुर्वाताची टोचणी मिळाली का?

या लसी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

हत्यार सापडले तर

ते कोणालाही टोचून पाहू नका, मुलांच्या हाती देऊ नका. धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात. गंज नसलेल्या खिळ्यानेही तो होतो. केळीच्या बागेत किंवा गोठ्यात खोल जखम झाली, तर ती साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.

ती सुई मात्र भंगारात देऊ नका. डबीसह शाळेला द्या आणि जवळ बसवून आजोबांचा दंड मुलांना दाखवा. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला तेल व द्राक्षारस लावणाऱ्या शोमरोनीची गोष्ट आपण जाणतो. त्याच्या हाती जे होते ते त्याने वापरले. आपल्या हातीही साधीच साधने आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरी कोणाच्या दंडावर देवीचा व्रण आहे? तो एक की अनेक? त्यांना टोचल्याची आठवण विचारा.

२. आपल्या वस्तीत कोणते मूल गोवराच्या दुसऱ्या डोसाशिवाय राहिले आहे? त्याच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?