जुना संगणक आणि नवी आज्ञावली

आमच्या वखारीतील वजनकाट्यास जोडलेला संगणक २००१ सालच्या ‘विंडोज एक्सपी’ प्रणालीवर चालतो. गतवर्षी आम्ही वजनपावतीची नवी आज्ञावली करवून घेतली, ती तेथे उघडेचना. करणाऱ्याने संगणकच मोडीत काढण्याचा सल्ला दिला. पण काट्याची जोडणी नव्या संगणकात बसत नव्हती. हंगाम तोंडावर आला होता. सदस्य बंधूंच्या माहितीस्तव, पुढे जे उमगले ते येथे देत आहोत.

आज्ञावली संकलित होताना, ती किमान कोणत्या प्रणालीवर चालावी याचा अंक तिच्या शीर्षभागात पडतो. पोत्यावर मार्का मारावा तसा. एक्सपीस ५.०१ चालतो. ‘व्हिज्युअल स्टुडिओ २०१२’ पासून तो आपोआप ६.० पडू लागला, म्हणजे व्हिस्टाचा. मग एक्सपी माल दारातूनच परत करते. केवळ अंक बदलूनही भागत नाही. (आम्ही प्रथम तेवढ्यावरच हुरळलो होतो!) आज्ञावलीने ‘गेटटिककाउंट६४’ सारखे कार्य मागितले, तर एक्सपीच्या ‘कर्नेल३२’ मध्ये ते नाहीच.

उपाय असा, की ‘व्हिज्युअल स्टुडिओ २०१७’ मधील ‘व्ही१४१_एक्सपी’ हा संच निवडून मूळ संहिता पुन्हा संकलित करावी. त्यासाठी मूळ संहिता आपल्यापाशी हवी. आम्ही पैसे चुकते करताना ती मागितलीच नव्हती. पुढे ती मिळविण्यास दुप्पट विनवण्या कराव्या लागल्या.

एक्सपीचा सर्वसाधारण आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे. म्हणून त्या संगणकाची जाळ्याची तार आम्ही काढून ठेवली आहे.