फाटकाच्या आत तू कोण, बाहेर कोण

छकुले,

तुला तारापूर मिळालं हे कळल्यापासून काकूच्या जिवाला घोर लागलाय. तिला धास्ती अणुभट्टीची. मला धास्ती तुझ्या नव्या वर्दीची. रागावू नको व. उतईच्या प्रशिक्षण केंद्रात तू कवायत शिकलीस, रायफल शिकलीस, धावण्यात तर तू इथल्या हायवेवर पहाटे भरतीची तयारी करतानाच पोरांना मागे टाकायचीस. पण या वर्दीत काय करता येतं आणि काय नाही, हे आपल्या कोहमाऱ्यात कुणालाच ठाऊक नाही. आणि नेमकं ठाऊक नसलं, की लोक वाटेल ते अधिकार खुशाल तुझ्या नावावर जमा करतात.

आतापासूनच सुरू झालंय. चौकात जो तो म्हणतो, पोरगी पोलीस झाली, आता ठाण्यातली कामं होतील. कोणाची गाडी अडली, कोणाच्या धुऱ्याचं भांडण, लावा फोन ताईला. तू पोलीस नाहीस बाई. डुग्गीपार ठाण्यातला शिपाई राज्य सरकारचा. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यघटनेनं राज्यांकडे दिले, अणुऊर्जा केंद्राकडे ठेवली. तू केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची, म्हणजे सीआयएसएफची. दलाचा कायदा १९६८ चा, दल उभं राहिलं मार्च १९६९ मध्ये. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून वीज विकायला सुरुवात झाली तीही १९६९ मध्येच. तुझं दल आणि तुझं फाटक, दोन्ही एकाच वयाची समज.

त्या कायद्याची तीन कलमं पाठ कर : ११, १२ आणि १३. अकरावं तुला वॉरंटशिवाय अटक करू देतं, पण कोणालाही नाही. प्रकल्पाच्या मालमत्तेबाबत दखलपात्र गुन्हा करणारा किंवा तसा वाजवी संशय असलेला, त्या हेतूनं दडून बसलेला, तुमच्या जवानावर किंवा तिथल्या कर्मचाऱ्यावर ड्युटीत हात टाकणारा, तिथं काम करणाऱ्यांच्या जिवाला तातडीचा धोका निर्माण करणारा. नुसता आत घुसलेला माणूस असेल, तर त्याला बाहेर काढता येतं. बारावं कलम झडतीचं. वॉरंट आणेपर्यंत माणूस पळेल किंवा पुरावा लपवेल असं वाटलं तर जागीच झडती. ती कोणत्या दर्जाच्या जवानानं घ्यायची हेही नियमानं ठरलंय, तेव्हा उत्साहात पुढे होऊ नको, वरिष्ठांना विचार.

तेरावं कलम मात्र माझ्या मते सगळ्यात मोलाचं. पकडलेला माणूस विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, पोलीस तिथं नसेल तर जवळच्या ठाण्यात पोचवायचा, सोबत काय घडलं त्याचा अहवाल. झालं, तुझं काम संपलं. एफआयआर, तपास, दोषारोपपत्र, सगळं पालघर पोलिसांचं. त्याला रात्रभर बसवून ठेवणं, दोन कानाखाली देऊन कबूल करून घेणं, हे तुला कोणत्याच कलमानं दिलेलं नाही. सोबतचे जुने कोणी 'असंच चालते' म्हणतील. चालत असेल. तू चालवू नको. न्यायालयात तुझा अहवालच उभा राहतो, तो लिहायला शीक. वेळ, जागा, कोण हजर होतं, हातात काय सापडलं. अक्षर वाईट असलं तरी चालेल, वेळ चुकली तर वकील पिसं काढतात. आम्ही तेच तर करतो.

आपला वनरक्षक आठव. नागझिऱ्यात वन गुन्हेगाराला वॉरंटशिवाय पकडतो, पण कोहमाऱ्याच्या बाजारात पाकीटमारी झाली तर त्याचा अधिकार तुझ्या-माझ्याएवढाच. तुझंही तसंच. सुट्टीत बोईसर स्टेशनवर कोणी पर्स ओढली, तर तू साधी नागरिक. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर नागरिकालाही माणूस धरता येतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावा लागतो.

सगळीकडे असं नसतं हं. इंग्लंडमध्ये अणुकेंद्रांसाठी वेगळं पोलीस दलच आहे, २००५ पासूनचं. त्यांना केंद्रात आणि भोवतीच्या पाच किलोमीटरपर्यंत पूर्ण पोलिसी अधिकार. आपण ती पाच किलोमीटर स्थानिक पोलिसांकडे ठेवली, आणि मला ते बरंच वाटतं. एप्रिल २०११ मध्ये जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्ध साखरी नाटेत आंदोलन पेटलं, गोळीबारात एक मच्छीमार गेला. तिथं उभे होते ते राज्याचे पोलीस, आणि जाब मागायला लोकांना विधानसभा होती. बंदूक चालली तर तिचा हिशेब कोणापाशी मागायचा, हे माणसाला कळायला हवं.

म्हणून तारापुरातल्या माणसांशी जपून वाग. तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. सकाळी पास दाखवून आत जाणाऱ्या ठेक्यावरच्या मजुरांत त्या घरांतली पोरं असू शकतात. पास बारकाईनं बघ, डबा उघडायला लाव, पण 'अहो' म्हण. बायांची झडती तुझ्याकडेच येईल, कारण बाईची झडती बाईनंच आणि मर्यादा राखून घ्यायची, असा कायदाच आहे. आडोसा नसेल तर आडोसा माग.

आणि एक. अणुगळतीची अफवा उठली तर काकू तुलाच फोन करेल. केंद्राबाहेरची आणीबाणी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असते, सोळा किलोमीटरच्या टापूची आखणी आधीच केलेली असते. तिला सांग, प्रशासनाचं ऐक, पोरीच्या व्हॉट्सअ‍ॅपचं नाही.

मोबाइलचं तर हात जोडून सांगते. वर्दीतली रील नको, फाटकासमोरचा सेल्फी नको, ड्युटी कधी बदलते ते मैत्रिणीलाही नको. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे, जुना असला तरी धार गेलेली नाही. दिवाळीला आलीस की सगळे विचारतील, आत काय असते? समुद्राबद्दल बोल, बोईसरच्या भाड्याबद्दल बोल, मेसच्या जेवणाला शिव्या दे. फाटकाच्या आतलं काकूलासुद्धा सांगू नको, आणि मला तर मुळीच नको.