बिटकॉइन : किल्ली कोणाच्या हाती?

जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय विनिमय मंचाच्या अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर मूल्याचे आभासी चलन चोरीस गेले. त्याचा तपास बेंगळुरू पोलिसांनी केला. ग्राहकांची मत्ता सुरक्षित असल्याचे कंपनीने जाहीर केले. मात्र जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरील चोरीत ग्राहकांचीच २३ कोटी डॉलरहून अधिक मत्ता गेली होती. मंचावरील बिटकॉइनची खासगी किल्ली ग्राहकाकडे नसते. त्यामुळे तेथील त्रुटीची झळ त्याला बसते.

स्वतःच्या ताब्यातील पाकिटात ही किल्ली धारकाकडेच राहते. पाकीट नाणी नव्हे, तर किल्ल्या जपते. नाण्यांची नोंद सार्वजनिक खातेवहीत असते. निवडीचे निकष तीन : तपासता येणारी मुक्तस्रोत आज्ञावली, मोठ्या रकमेसाठी किल्ली इंटरनेटपासून अलग राखणारे उपकरण आणि गोपनीयतेसाठी प्रत्येक वेळी रक्कम स्वीकारताना नवा पत्ता. पुनर्प्राप्तीचे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून जपावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये. हे शब्द व उपकरण दोन्ही गमावल्यास दाद मागण्यास कोणतीही बँक नसते. तसेच, २०२२ पासून नफ्यावर लागू झालेला ३० टक्के कर अशा पाकिटामुळे टळत नाही. स्वातंत्र्यासोबत जबाबदारीही धारकाचीच असते.