उन्हाळ्याची सुट्टी आणि घरची शाळा



वार्षिक परीक्षेची शेवटची उत्तरपत्रिका देऊन मुले वर्गाबाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या मुखावर जो आनंद दिसतो त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. तो प्रत्येकाने आपल्या बालपणी भोगलेला आहे. परंतु शाळेची तीच शेवटची घंटा आईबापांच्या कानी निराळ्या सुरात पडते. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे सहा आठवडे ही मुले दिवसभर घरी. त्यांचे करावे तरी काय, हा प्रश्न आम्हांस दरवर्षी पालकसभेत विचारण्यात येतो. त्याचे उत्तर देण्याचा यथाशक्ति प्रयत्न ह्या लेखात योजिला आहे.

प्रथम आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देणे उचित होईल. पूर्वी आम्ही मुलांना सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन लिहावयास सांगत असू. जूनमध्ये वह्या गोळा होत. त्या चाळताना आढळून येई की, चाळीस पाने एकाच शाईने, एकाच घाईने, शेवटच्या दोन रात्रींत उतरविलेली आहेत. एके वर्षी सहावीतील एका मुलाने वही मुळीच आणली नाही. तो सर्व सुट्टीभर शेळ्या राखीत होता. आम्ही त्यास वर्गासमोर उभे केले आणि बोल लावले. पुढे पावसाळ्यात वर्ग घेऊन आम्ही माळावर गेलो असता तोच मुलगा टिटवीची अंडी कोठे असतील, कोणते गवत शेळी खात नाही, वावटळ कोणत्या बाजूने येईल, हे इतरांस सांगू लागला. वह्या भरलेल्या मुलांपैकी एकासही त्यातले काही ठाऊक नव्हते. त्या दिवशी आम्हांस आमची लाज वाटली. त्याच्या सुट्टीत विद्या होती, परंतु ती मोजण्याचे माप आमच्यापाशी नव्हते. तेव्हापासून शुद्धलेखनाचे ते ओझे आम्ही बंद केले. मात्र दुसरी गोष्टही तितकीच खरी की, त्या मुलाचे वाचन सुट्टीत फार मागे पडले होते आणि ते सावरण्यास दिवाळी उजाडली. तेव्हा सुट्टी म्हणजे शाळेचे शेपूटही नव्हे आणि विद्येचा उपवासही नव्हे.

आता आपला मुलूख पाहा. पश्चिमेस भीमा आणि पूर्वेस सीना, ह्यांच्या मधला हा माढे तालुका. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून दिवसाचे तीन भाग करणे हेच शहाणपणाचे. सकाळी दहापर्यंत मैदान व घरकाम. दुपारी सावलीतले उद्योग. आणि ऊन कलल्यावर पुन्हा खेळ. भर दुपारी चार तास मुलांना छपराखाली ठेवावयाचे, तर तेथे त्यांच्या हातास व बुद्धीस काही काम हवे. नुसते ‘गप्प बैस’ म्हणण्याने कोणतेही मूल गप्प बसल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

पहिला पाठ सूर्याचा घेऊ. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे आपण सहज म्हणतो, परंतु ते वर्षातील दोनच दिवशी खरे असते. सूर्य उत्तरेस कर्कवृत्तापर्यंत म्हणजे साडेतेवीस अंशांपर्यंत चढतो व परततो. माढे गाव सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे उत्तरेस जाताना मेच्या १२ तारखेच्या सुमारास तो बरोबर आपल्या माथ्यावरून जातो. परतताना जुलैच्या अखेरीस पुन्हा जातो, परंतु तेव्हा बहुधा आभाळ असते. सोलापूर शहर किंचित दक्षिणेस असल्यामुळे तेथे हा योग एक-दोन दिवस आधी येतो, तर पुण्यास दोन दिवस उशिरा. दिल्ली कर्कवृत्ताच्याही उत्तरेस असल्यामुळे तेथे तो कधीच येत नाही. मुलांनी अंगणात एक काठी ओळंबा लावून सरळ रोवावी आणि ५ मेपासून रोज तिच्या मध्यान्हीच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. आपले मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसून सुमारे १२ वाजून २५ मिनिटांनी होते. कारण आपले घड्याळ पूर्वेकडील साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखविते आणि आपण त्याच्या सात अंश पश्चिमेस आहोत. सावली दिवसेंदिवस आखूड होत जाईल, एके दिवशी काठीच्या पायाशीच नाहीशी होईल, आणि नंतर आश्चर्य असे की, आजवर उत्तरेस पडणारी सावली दक्षिणेस पडू लागेल. ह्या प्रयोगास एक पैही लागत नाही. फक्त डोक्यास टोपी अथवा पदर असावा, पाच मिनिटांत काम आटोपावे, आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कदापि पाहू नये.

दुसरा पाठ पाण्याच्या माठाचा. एक मडके व एक स्टीलचे भांडे सारख्याच पाण्याने भरून, झाकून, सावलीत शेजारी ठेवावे. तिसऱ्या प्रहरी दोन्ही पाणी चाखून पाहावे. मडक्यातले पाणी गार का? मडक्याच्या अंगाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता ते मडक्यातूनच घेते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जलद. म्हणून आपल्या कोरड्या हवेत माठ जसा गार होतो, तसा मुंबईच्या दमट हवेत होत नाही. गरिबाच्या घरातील हे मडके पदार्थविज्ञानाचे पुस्तकच होय, हे मुलांना कळले म्हणजे त्यांना आपल्या घराविषयीही आदर वाटू लागतो. जाता जाता एका परळात पाणी भरून झाडाखाली ठेवावे आणि त्यावर कोणकोणते पक्षी येतात त्यांची नोंद ठेवावी.

तिसरा पाठ खेळाचा. विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजतात. हे शब्द कोठले, असे मुलांना विचारून पाहा. सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या एखाद्या मुलास एक ते चार अंक म्हणावयास सांगा. तो ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे म्हणेल, आणि आपल्या मुलांना हसू आवरणार नाही. आपला अगदी गावरान म्हणविणारा खेळसुद्धा शेजारच्या भाषेचे अंक जिभेवर वागवीत आला आहे! भाषाभाषांतील वैर मोठ्यांनी वाढविले असेल. मुलांच्या खेळाने मात्र त्यांचे सख्य जपून ठेविले आहे. तसेच खोखोचे. त्याचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले, आणि २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्ली येथे भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. ज्या खेळास दोन खुंट आणि थोडी मोकळी जमीन पुरते, तो किती दूर जाऊ शकतो हे मुलींनी विशेष ध्यानात ठेवावे. दुपारी घरात सागरगोटे, काचकवड्या, सारीपाट, वाघबकरी आहेतच. आणि चिंचोके तर फोडलेल्या चिंचेबरोबर फुकटच मिळतात.

चौथा पाठ घरातील वृद्धांचा. सुट्टीत एक कोरी वही घ्यावी व तिला ‘आजीची वही’ असे नाव द्यावे. रोज एक प्रश्न विचारावा व उत्तर तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या घरी काय शिजत होते? खडी फोडावयास कोण गेले होते? १९८० साली उजनीचे धरण पुरे होण्यापूर्वी आपल्या शिवारात कोणती पिके होती, आणि ऊस केव्हा आला? धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील कोणी सोयरे होते काय? कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शीकडे सुरू झालेली अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आता नाही, तेथे रुंद रूळ आले. परंतु तिच्यातून पंढरपुरास गेलेली माणसे अद्यापि घरोघर आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्यावे. आमच्या एका विद्यार्थिनीने अशी वही भरली. त्याच वर्षी तिची आजी निवर्तली. त्या वहीतील सारीच पाने शुद्ध नव्हती, तथापि त्यांवर लाल शाई फिरविण्यास आमचा हात धजला नाही.

वाचनाविषयी थोडेसे. मराठी मुलांसाठी मासिके चालविण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७३ साली निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ साली, आणि बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ साली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ व लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्या घरात नाहीत त्यांनी त्या शाळेच्या ग्रंथालयातून सुट्टीपूर्वीच न्याव्यात. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे, आणि ऐकावयास घरातील कोणी तरी बसावे. ज्या आईस वाचता येत नाही तिनेही बसावे. भाकरी थापता थापता ऐकले तरी चालेल. मूल ऐकणाऱ्यासाठी वाचते.

ह्या ठिकाणी मोबाइलचा उल्लेख केल्यावाचून गत्यंतर नाही. तो हातात दिला की मूल तासन्‌तास शांत राहते, हे खरे. परंतु ती शांतता समाधानाची नसून गुंगीची असते. तो सर्वस्वी वर्ज्य करावा असे आमचे म्हणणे नाही. वडीलमाणसांच्या समक्ष, ठराविक वेळ आणि ठराविक कामासाठी असावा. मात्र जेवताना आईबापांनीच तो बाजूस ठेविला नाही, तर मुलांना केलेला उपदेश वाऱ्यावर जातो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. उन्हाळ्यात मुलांस पाणी ओढते, आणि विहीर, कालवा व शेततळे ह्यांत मुले बुडाल्याच्या वार्ता दरवर्षी कानी येतात. शेततळ्याचे पाणी शांत दिसते, परंतु त्याच्या उतारावरील प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर चढता येत नाही. म्हणून जाणत्या माणसावाचून पाण्याजवळ जावयाचे नाही, हा नियम घरोघर असावा. पोहणे मात्र अवश्य शिकवावे. पाठीला भोपळा अथवा झाकण घट्ट बसविलेला रिकामा डबा बांधून, कमरेच्या दोराचे टोक वडिलांनी हाती धरून. आणि कोणी बुडत असल्यास मुलांनी पाठोपाठ उडी न घेता दोर, धोतर, लुगडे किंवा रिकामी घागर फेकावी आणि ओरडून माणसे गोळा करावी. हे चार शब्द पाठ असणे हे चाळीस पाने शुद्धलेखनाहून मोलाचे आहे.

काही पालक म्हणतील, ‘गुरुजी, आम्ही उभयता सकाळीच कामावर जातो, हे सारे पाहावे कोणी?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो उपदेशाने सुटणारा नाही. १९०१ साली न्यूयॉर्क शहरात रॉबर्ट बोव्हिल नामक धर्मसेवकाने असे पाहिले की, उन्हाळ्यात गरीब वस्तीतील मुले रस्त्यावर रिकामी, उपासनामंदिरे रिकामी, आणि महाविद्यालयांतील विद्यार्थीही रिकामे. त्याने तिघांची गाठ घालून दिली, आणि त्यातून सुट्टीतील पवित्र शास्त्राच्या शाळांची चळवळ वाढली. आपल्या मराठी मंडळ्यांतही अशा शाळा भरतात. ह्यातील युक्ती कोणत्याही धर्माच्या गल्लीस लागू पडेल. आपल्याकडेही गल्लीत एखादा ओटा असतो, दहावीची परीक्षा दिलेली मुलेमुली असतात, आणि लहानग्यांची तर वाणच नाही. दहावीच्या दोघांनी रोज सकाळी दोन तास दहा मुलांस जमवावे. एक गोष्ट, एक खेळ, एक हस्तकाम आणि थोडे वाचन. शिकविणाराही त्यात शिकतो. शाळेची पडवी ह्या कामी सकाळी मिळावी म्हणून आम्ही मुख्याध्यापकांस विनंती करणार आहोत, आणि आठवड्यातून दोन दिवस स्वतः येणार आहोत.

जूनच्या आरंभी लिंबोळ्या पिकून पडू लागतील. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून पहिल्या पावसाबरोबर लावाव्यात. फार दिवस ठेविल्यास त्या रुजत नाहीत. प्रत्येक मुलाने शाळा उघडेल त्या दिवशी तीन वस्तू आणाव्यात : सावलीच्या खड्यांची नोंद, आजीची वही आणि मूठभर लिंबोळ्या. शेळ्या राखणाऱ्याने माळावरील दहा गोष्टी तोंडी सांगितल्या तरी त्यास पूर्ण गुण मिळतील. हे आमचे वचन आहे.

जखऱ्या संदेष्ट्याने देवाच्या कृपेखालील नगराचे चित्र रेखाटताना तेथील तट वा भांडारे पुढे केली नाहीत. वयामुळे हाती काठी घेतलेले वृद्ध रस्त्यांत बसले आहेत, आणि तेच रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत, एवढेच त्याने दाखविले. वृद्ध निर्धास्त बसलेले आणि मुले निर्धास्त खेळणारी, असे आपले माढे ह्या सुट्टीत दिसावे, आणि जूनमध्ये एकही बाक रिकामा न राहता सर्व मुले सुखरूप वर्गात परत यावीत, हीच आमची प्रार्थना.