पेढे वाटून झाल्यावर : कृष्णवर्णीय अभियंत्यांच्या संघटनेची गोष्ट



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. गणिताला एकदम तयार. दहावीनंतर डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा आम्ही शाळेच्या फळ्यावर त्याचं नाव लिहिलं होतं, त्याच्या आईने पेढे वाटले होते. त्यांच्या वस्तीतला इंजिनिअरिंगला गेलेला तो पहिलाच. आता तो गॅरेजमध्ये काम करतो. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, पहिल्याच सेमला तीन विषय राहिले. कुणाला विचारायचं तेच कळेना. मग घरी आलो."

कुणाला विचारायचं तेच कळेना. हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका संघटनेबद्दल वाचनात आलं, आणि ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपण डी.एड.ला पाठ केलं आहे. पण ती गुलामी गेल्यावर त्या समाजाच्या लेकरांच्या शिक्षणाचं पुढे काय झालं, हे आपण फारसं वाचत नाही. थोडक्यात सांगते. अनेक राज्यांत कितीतरी वर्षं काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या, आणि तिथे शाळेचा पैसा बराचसा त्या भागाच्या घरपट्टीतून येतो. गरीब वस्तीची शाळाही गरीबच.

आता इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात या. इंजिनिअरिंगसाठी नावाजलेलं ठिकाण. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ८० टक्के मुलं शिक्षण सोडून जात होती. शंभरातली ऐंशी! बरं, ही काही ढकलपास झालेली मुलं नव्हती. प्रवेश मिळवून आलेली होती.

१९७१ मध्ये एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर हे दोन विद्यार्थी डीनकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला आमच्या मुलांची एक संघटना काढायची आहे. उद्देश साधा होता. नवीन येणाऱ्या मुलांना धरून ठेवायचं आणि आणखी मुलांना आणायचं. त्यांना मार्गदर्शक म्हणून आर्थर बाँड हे कृष्णवर्णीय प्राध्यापक मिळाले. पुढे सहा विद्यार्थ्यांनी हे काम वाढवलं. त्यांना 'शिकागो सिक्स' म्हणतात. त्यातल्या अँथनी हॅरिसने देशातल्या सगळ्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग कॉलेजांना, म्हणजे २८८ ठिकाणी, पत्रं धाडली : तुमच्याकडे कृष्णवर्णीय विद्यार्थी आहेत का, त्यांचं काही मंडळ आहे का? त्या काळात ना मोबाईल, ना ईमेल. १९७५ च्या एप्रिलमध्ये ३२ कॉलेजांमधली ४८ मुलं पर्ड्यूला जमली आणि 'नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स' उभी राहिली. तिला 'नेस्बी' म्हणतात.

इथे थोडं थांबते, कारण शिक्षक म्हणून मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ही मुलं गळत का होती?

याचा शोध त्याच दशकात दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात, युरी ट्राइसमन नावाच्या गणिताच्या तरुण शिक्षकाने घेतला. तिथेही कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं नापास होत होती. सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली : मुलांना गोडी नाही, पाया कच्चा, घरून लक्ष नाही, गरिबी आहे. (आपल्या स्टाफरूममधली वाक्यं आठवली का? मला तर आठवली, आणि ती कुणी म्हटली होती तेही. त्यात मीही होते.) ट्राइसमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो ते त्यांच्या सोबत राहून पाहिलं. ठरलेल्या उत्तरांतलं एकही टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं सांगितल्याप्रमाणे आठवड्याला ८ तास अभ्यास करत होती, पण एकट्याने, खोलीत बसून. चिनी मुलं १४ तास देत होती. आधी एकट्याने गणितं सोडवायची, मग एकत्र बसून ताडून बघायची, एकमेकांच्या चुका काढायच्या. त्यांचं जेवणखाणही बरोबरच. गणित अडलं तर ते सगळ्यांचंच अडतंय हे त्यांना कळायचं. एकट्या पोराला मात्र वाटायचं, आपल्यालाच जमत नाही.

ट्राइसमनने मग जादा तास ठेवले नाहीत. कच्च्या मुलांसाठी म्हणून वर्ग काढला असता तर कुणी आलंच नसतं. त्याने हुशार मुलांसाठीची कार्यशाळा म्हणून बोलावलं, गटात बसवलं आणि पाठ्यक्रमापेक्षा अवघड गणितं दिली. मुलं नुसती पास झाली नाहीत, चांगल्या श्रेणीत आली.

नेस्बीच्या कॉलेज शाखा हेच काम करत आल्या आहेत : अभ्यासगट, वरच्या वर्गातल्याने खालच्याला धरणं. पण मला जास्त आवडल्या त्या शहराशहरांतल्या माजी विद्यार्थ्यांच्या शाखा. शिकून नोकरीला लागलेले इंजिनिअर त्यात असतात. ऑफिस सांभाळून ते हे करतात. कॉलेजच्या मुलांना मुलाखतीची तयारी करून देतात, आपल्या कंपनीत काम कसं चालतं ते सांगतात, शिष्यवृत्तीसाठी पैसे जमवतात. शाळकरी मुलांसाठी 'ज्युनिअर' शाखा चालवतात. त्यांचा एक उपक्रम आहे, वस्तीत दारोदार फिरून पालकांना कॉलेजच्या वाटा सांगायच्या. आपण पटनोंदणीला फिरतो ना, तसंच, फक्त इथे फिरणारा माणूस त्याच वाटेने गेलेला असतो. २००७ पासून उन्हाळी शिबिरंही चालतात, प्राथमिकच्या मुलांसाठी, आणि तिथे शिकवायला इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असतात. म्हणजे तिसरी-चौथीतलं पोर, कॉलेजचा विद्यार्थी आणि नोकरदार, अशी साखळी. प्रत्येकाला आपल्या एक पायरी वरचा माणूस दिसतो.

माजी विद्यार्थी मंडळं आपल्याकडेही आहेत. स्नेहमेळावा होतो, फेटे बांधतात, शाळेला पंखे मिळतात, कंपाऊंडला रंग लागतो. पंखे हवेतच, नाही म्हणत नाही. पण आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दीडशे नंबर आहेत आणि गेल्या तीन वर्षांत कुणी 'यंदा डिप्लोमाला आपलं कोण गेलंय?' असं विचारलेलं मला तरी आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

या वर्षी मी एक वही केली. चौथी सोडून गेलेल्या मुलांची नावं, आता कुठे शिकतात, फोन नंबर. पालकांना विचारत विचारत ४१ नावं झाली. त्यात पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी निघाली. तिला गळ घातली. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बसू म्हणाली. मी चहाचं बघते.

पहिल्या रविवारी पाच जण आले. गॅरेजवाला सगळ्यात शेवटी आला, हाताला ऑईल तसंच. राहिलेल्या विषयांचा फॉर्म अजून भरता येतो का, कुठल्या खिडकीवर जायचं, कोणते सर समजावून सांगतात, हे सगळं त्या मुलीला माहीत होतं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघं पाऊण तास बोलत बसले, मी कप विसळून ठेवले.