वृषणकोशातील फुगलेल्या शिरा आणि पुरुष-वंध्यत्व

अपत्य न झाल्यास आजही प्रथम पत्नीचीच तपासणी होते. पतीची साधी वीर्यतपासणी मात्र वर्षानुवर्षे राहून जाते. हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यात उपचारांचा मोलाचा काळही निघून जातो. वृषणकोशातील शिरा फुगण्याचा विकार, म्हणजेच व्हेरिकोसील, सुमारे १५ टक्के पुरुषांत आढळतो. वंध्यत्वाच्या तक्रारीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जाते. साचलेल्या रक्तामुळे वृषणाचे तापमान वाढते, शुक्रजंतूंची संख्या घटते व हालचाल मंदावते. शिरा बांधण्याच्या शस्त्रक्रियेने पुष्कळांना गुण येतो, सर्वांना नव्हे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने फेरतपासणी ३ महिन्यांनी करावी. वीर्य निर्दोष असल्यास केवळ अपत्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये.