पिछाडीचा राखणदार : फुटबॉल-शिक्षक डेरिक परेरा



फुटबॉलचा सामना संपून मुलें मैदानाबाहेर पडलीं, म्हणजे त्यांच्या तोंडीं पहिला प्रश्न असतो तो 'गोल कोणीं केला?' हा. 'गोल कोणीं होऊं दिला नाहीं?' असें विचारणारा मुलगा विरळाच. वर्तमानपत्रांतहि हाच प्रकार आढळतो. गोल करणाराचें नांव ठळक अक्षरांत छापलें जातें. परंतु पिछाडीस उभें राहून प्रतिपक्षाच्या चढाया ज्यानें एकामागून एक परतविल्या, त्याचें नांव शेवटच्या ओळींत तरी येईल कीं नाहीं याची शाश्वती नसते.

आपल्या शिरूर-दौंडकडील लोकांना हा अनुभव नवा नाहीं. ज्वारीच्या कणसांत दाणा भरूं लागला, म्हणजे राखणदार माळ्यावर चढून दिवसभर पांखरें हांकतो. पुढें खळ्यावर रास पडली कीं सारे राशीकडे पाहतात. गोफणीकडे कोणी पाहत नाहीं. दौंड जंक्शनांत मनमाडची, सोलापूरची, बारामतीची अशा गाड्या आपापल्या रुळांवर वळतात. पूर्वीं सांधेवाला हातानें सांधा फिरवी, आतां तें काम यंत्रानें होतें. पण सांधा बरोबर बसला म्हणून कोणा उतारूनें आभार मानल्याचें ऐकिवांत नाहीं. सांध्याची आठवण होते ती तो चुकल्यावर. फुटबॉलमधील पिछाडीच्या खेळाडूची, म्हणजे बॅकची, स्थिति अशीच आहे.

अशा एका बॅकचें चरित्र आज आपणांस पाहावयाचें आहे. श्री. डेरिक परेरा हे मूळचे गोमंतकाचे. परंतु शिक्षक या नात्यानें त्यांनीं केलेल्या कामाचा मोठा भाग मुंबईस आणि आपल्याच पुणें जिल्ह्यांत पार पडला.

पिछाडीचें काम

चरित्राकडे वळण्यापूर्वीं बॅकचें काम काय असतें हें समजून घेतलें पाहिजे. अकरा खेळाडूंत एक गोलरक्षक असतो. त्याच्यापुढें आजच्या प्रचारांतील पद्धतीप्रमाणें बहुधा चौघे बॅक उभे राहतात : दोघे कडेला आणि दोघे मध्यभागीं.

बॅकचा पहिला धडा असा कीं, प्रतिपक्षी आणि आपला गोल यांच्या मध्यें उभें राहावें. दुसरा धडा असा कीं, चेंडूवर एकदम झेप घेऊं नये. झेप चुकली तर चढाई करणारास मोकळी वाट मिळते. याकरितां त्याला थोपवून धरावें, हळूहळू कडेकडे ढकलावें आणि आपले सोबती परत येईपर्यंत वेळ काढावा. तिसरा धडा साह्याचा. एक बॅक पुढें गेला, तर दुसऱ्यानें त्याच्या मागें थोडें तिरकस उभें राहावें. म्हणजे पहिला फसला तरी दुसरा तयार असतो. चौथा धडा एकजुटीचा. चौघांनीं एका ओळींत पुढें-मागें सरकलें, तरच प्रतिपक्षी ऑफसाइडच्या नियमांत सांपडतो. चौघांतील एकजण जरी मागें रेंगाळला, तरी सर्वांची मेहनत फुकट जाते.

हे नियमहि कालमानाप्रमाणें बदलत आले आहेत. १९२५ सालापूर्वीं चढाई करणारा आणि गोलरेषा यांच्यामध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. त्या वर्षीं ती संख्या दोनवर आणली. १९९२ सालीं आणखी एक मोठा बदल झाला. तोंपर्यंत अडचणींत सांपडलेला बॅक चेंडू मागें आपल्या गोलरक्षकाकडे मारी आणि तो हातांत उचलून घेई. सोबत्यानें बुद्ध्या पायानें मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातीं घेऊं नये, असा नियम झाला; आणि केवळ अडविणारा बॅक अपुरा ठरूं लागला. त्याला चेंडू पायांत ठेवून योग्य सोबत्याकडे पोंचविणेंहि शिकावें लागलें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. आघाडीच्या खेळाडूची पाठ बहुधा आपल्या सोबत्यांकडे असते. बॅकच्या डोळ्यांसमोर मात्र सारें मैदान पसरलेलें असतें. कोण दमला, कोणती जागा मोकळी पडली, हें त्याला आधीं दिसतें. आणि दिसलें कीं ओरडून सांगावें लागतें. पाहणें, ओळखणें आणि सांगणें हीं तीन कामें ज्याला रोज करावीं लागतात, तो नकळत शिक्षकाचाच अभ्यास करीत असतो.

याचीं उदाहरणें आपल्या देशांत आहेत. १९७० सालच्या बँकॉक येथील आशियाई खेळांत भारतानें कांस्यपदक मिळविलें. त्या संघाचे नायक सय्यद नईमुद्दीन हे बॅक होते. पुढें ते भारतीय संघाचे शिक्षक झाले, आणि खेळाडूसाठीं असलेला अर्जुन पुरस्कार व शिक्षकासाठीं असलेला द्रोणाचार्य पुरस्कार हे दोन्ही त्यांना मिळाले. गोमंतकाचे महेश गवळी हेहि बॅक. २०२३ सालीं बेंगळूर येथें दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा झाली, तेव्हां मुख्य शिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर सामन्यापुरती बंदी आल्यानें अंतिम सामन्यांत संघाची धुरा साहाय्यक शिक्षक गवळी यांच्यावर पडली. आणि भारतानें कुवेतवर पेनल्टींच्या निर्णयानें विजय मिळविला.

खेळाडू आणि शिक्षक

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्याच्या पुढच्याच वर्षीं परेरा यांचा जन्म झाला. वास्को येथील साळगावकर संघाच्या बचावफळींत खेळून त्यांनीं नांव मिळविलें व भारतीय संघांतहि स्थान मिळविलें. या साळगावकर संघानें १९८८ आणि १९८९ अशीं लागोपाठ दोन वर्षें फेडरेशन चषक जिंकला. गोव्याच्या संघाला हा मान प्रथमच लाभत होता.

खेळणें थांबल्यावर ते शिकवूं लागले, आणि त्यांतच त्यांची खरी कीर्ति झाली. २००५ च्या सुमारास मुंबईच्या महिंद्र युनायटेड या संघाची सूत्रें त्यांच्याकडे आलीं. त्या वर्षीं संघानें फेडरेशन चषक जिंकला आणि २००५-०६ च्या हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीगहि जिंकली. १९९६ मध्यें सुरू झालेल्या या लीगचें विजेतेपद तोंपर्यंत बंगाल, गोवा आणि पंजाब यांच्याबाहेर गेलें नव्हतें. महाराष्ट्रांत तें प्रथमच आलें. २००७ सालीं हाच संघ आशियाई संघांच्या ए. एफ. सी. चषक स्पर्धेंत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचला.

२००९ सालीं परेरा पुण्यास आले. पुणें फुटबॉल क्लब हा संघ २००७ मध्यें निघालेला, म्हणजे अवघा दोन वर्षांचा होता आणि देशांतील वरच्या श्रेणीच्या आय-लीगमध्यें प्रथमच उतरत होता. त्याचें मैदान बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत होतें. दौंडहून लोहमार्गानें पुणें सुमारें पाऊणशें किलोमीटर, शिरूरहून रस्त्यानें त्याहूनहि थोडें कमी. म्हणजे देशांतील नामांकित संघांचे सामने त्या काळीं आपल्या दाराशींच होत होते. पहिल्याच हंगामांत या नवख्या संघानें तिसरा क्रमांक मिळविला, आणि २०१२-१३ मध्यें तो दुसरा आला.

२०१३ सालीं परेरा आपल्या जुन्या साळगावकर संघाकडे परतले. १८८८ पासून चालत आलेल्या ड्युरँड चषकाचा २०१४ सालचा अंतिम सामना साळगावकर आणि पुणें या दोन संघांतच झाला. साळगावकरनें तो एका गोलानें जिंकला. ज्या संघाला आपण चार वर्षें घडविलें, त्याच्याच विरुद्ध उभें राहण्याचा प्रसंग शिक्षकावर असा येतो.

यश सदैव साथ देतें असें मात्र नाहीं. २०१५-१६ च्या आय-लीगमध्यें ते पुण्याच्याच डी. एस. के. शिवाजियन्स संघाचे शिक्षक होते. तो संघ तळाशीं राहिला. डिसेंबर २०२१ मध्यें हंगाम चालू असतां एफ. सी. गोवा संघाचे परदेशी शिक्षक दुसऱ्या संघाकडे गेले, तेव्हां तें काम परेरा यांनीं पत्करलें. अकरा संघांत गोव्याचा क्रमांक नववा लागला. त्याआधीं २०१९ मध्यें भारताच्या तेवीस वर्षांखालील संघाचे शिक्षक म्हणूनहि त्यांची निवड झाली होती. जिंकण्याची खात्री असेल तेवढेंच काम घ्यावयाचें, असा हिशेब बॅकला करतां येत नाहीं. चढाई ज्या बाजूनें येईल त्या बाजूस त्याला उभें राहावें लागतें.

संघ गेले, माणसें राहिलीं

आतां या चरित्रांतील विचार करण्यासारखा भाग पाहूं. महिंद्र युनायटेड हा संघ २०१० सालीं मालकांनीं बंद केला. पुणें फुटबॉल क्लब २०१५ मध्यें आय-लीगमधून बाहेर पडला. साळगावकरनें २०१६ मध्यें राष्ट्रीय लीग सोडली. शिवाजियन्स संघहि २०१७ मध्यें त्या स्पर्धेंतून दिसेनासा झाला. ज्या ज्या घराचा राखणदार म्हणून हा मनुष्य उभा राहिला, तें तें घर एकामागून एक मोडलें अथवा आखडलें. संघ चालविण्याचा खर्च मोठा, स्पर्धांची रचना वरचेवर बदलणारी, आणि निर्णय मैदानापासून दूर बसलेल्यांच्या हातीं. त्यावर शिक्षकाचा इलाज चालत नाहीं.

मग ते श्रम वायां गेले काय? याचें उत्तर मैदानावरच शोधलें पाहिजे.

६ जानेवारी २०१९ रोजीं अबू धाबी येथें आशिया चषकांत भारताचा सामना थायलंडशीं झाला. भारतानें तो ४-१ असा जिंकला. आशिया चषकाच्या अंतिम स्पर्धेंत १९६४ नंतर भारताचा हा पहिलाच विजय होता. त्या दिवशीं चौथा गोल केला तो मिझोरामच्या जेजे लालपेखलुआ यानें, आणि बचावाच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या दोघांपैकीं एक होता केरळचा अनस एडथोडिका. हे दोघेहि पुणें फुटबॉल क्लबमध्यें परेरा यांच्या हाताखालीं खेळलेले. जेजे तेथें आला तेव्हां विशीचाहि नव्हता. अनस २०११ मध्यें आला आणि चार वर्षें राहिला. एक आघाडीचा, एक पिछाडीचा. दोघेहि बालेवाडीच्या गवतावर वाढलेले.

महिंद्र संघांत परेरा यांच्याजवळ खेळलेला आणि पुढें पुण्यासहि त्यांच्याकडे आलेला तिसरा खेळाडू म्हणजे अराता इझुमी. हा जपानांत जन्मलेला, वडील भारतीय. त्यानें भारताचें नागरिकत्व स्वीकारलें आणि २०१३ सालीं भारताच्या वतीनें खेळला.

या साऱ्यांचें श्रेय एकट्या परेरा यांचें, असें कोणी म्हणूं नये. खेळाडूचे स्वतःचे कष्ट, त्याचें घर आणि त्याचे आधीचे व पुढचे गुरु यांचा त्यांत वांटा असतोच. परंतु अबू धाबीस तो सामना झाला, त्या वेळीं पुणें संघ आय-लीगमधून जाऊन तीन वर्षें उलटून गेलीं होतीं, आणि तरीहि त्याच्या शाळेंत शिकलेली माणसें देशासाठीं उभीं होतीं. संघाचें नांव पाटीवरून पुसलें जातें. पायांत मुरलेली शिकवण पुसली जात नाहीं.

आपणांस बोध

या चरित्रांतून आपणांस कोणता बोध घ्यावयाचा?

पहिला असा. आपल्याकडे संघ निवडतांना चपळ मुलें आघाडीस घालतात, आणि ज्याला फारसें येत नाहीं त्याला 'तूं मागें उभा राहा' म्हणून सांगतात. ही रीत टाकून द्यावी. मागची जागा ही उरलेल्याची जागा नव्हे. तेथें शांत डोक्याचा, दूरवर पाहणारा आणि वेळेवर बोलणारा मुलगा हवा. ज्याला तेथें उभें केलें असेल त्यानेंहि कमीपणा मानूं नये. सारें मैदान दिसतें ती जागा त्याला मिळाली आहे.

दुसरा बोध खेळापलीकडचा. तुम्हांपैकीं कोणी पुढें रेल्वेंत, कोणी कारखान्यांत, कोणी शेतांत, कोणी शाळेंत काम करील. ज्या संस्थेंत तुम्ही राबाल ती कायम टिकेलच असें सांगतां येत नाहीं. परंतु तेथें असेपर्यंत जवळच्या एखाद्या लहानाला तुम्ही नीट शिकविलें असेल, तर तेवढी कमाई कोणाला बुडवितां येणार नाहीं.

तिसरी गोष्ट साधी आहे आणि या वर्षींच करतां येईल. आपल्या सामन्यांच्या वहींत गोल करणाराच्या नांवाचा रकाना असतो. त्याच्या शेजारीं आणखी एक रकाना आंखावा आणि त्यावर 'अडविले' असें लिहावें. प्रत्येक सामन्यानंतर त्यांत एक तरी नांव भरावें. तें नांव कोणाचें घालावें हें ठरवितांना साऱ्या मुलांना सामना पुन्हां एकदां मनांत पाहावा लागेल, आणि तसा पाहूं लागलें म्हणजेच खेळ समजूं लागतो.